दाराशी येणारं माणूस

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिला दारातच थांबवतात. मायलेकरांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, डोळ्यांना पाणी लावतात आणि मग आत घेतात. तिथून पुढे सव्वा महिना तिनं घराबाहेर पडायचं नाही, असा आपल्याकडचा जुना रिवाज. सरकारी आरोग्यसेवेचा हिशेब बेचाळीस दिवसांचा आहे. हिशेब वेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी भीती एकच आहे. जन्मलेलं मूल टिकणार की नाही, याचा निकाल बहुतांशी याच दिवसांत लागायचा. आजही भारतात जी नवजात बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच जातात.

महाराष्ट्रात आता जवळजवळ सगळे जन्म दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ९४.७ टक्के होतं. ही फार मोठी कमाई आहे आणि तिच्यासाठी परिचारिकांच्या, दायांच्या, ‘आशा’ स्वयंसेविकांच्या पिढ्या झिजल्या आहेत. पण बाळंतपण साधं असेल तर दोन दिवसांनी, सिझेरियन असेल तर चार-पाच दिवसांनी घरी सोडतात. फाइल, लसीकरणाचं कार्ड, दुपट्यात गुंडाळलेलं अडीच-तीन किलोंचं बाळ आणि औषधांची चिठ्ठी एवढं घेऊन आईबाप रिक्षात नाहीतर गाडीत बसतात. जन्म दवाखान्यात गेला, पण त्यानंतरचे दिवस होते तिथंच आहेत, घरात. या दिवसांत घराच्या दाराशी कोण येतं आणि येणाऱ्या माणसाला काय कळतं, यावर बाळाचं आणि आईचं किती काही अवलंबून असतं, ते मला या लेखात सांगायचं आहे.

आधी घरात काय चालतं ते पाहू. पुण्यात बाणेर-वाकडकडे, ठाण्यात घोडबंदर रस्त्याला, नाशिकच्या नव्या वसाहतींत हजारो जोडपी पहिलं मूल घेऊन तिसऱ्या-सातव्या-अकराव्या मजल्यावर राहतात. पूर्वी मुलगी बाळंतपणाला माहेरी जायची. आता माहेरच तिच्याकडे येतं, म्हणजे आई येते, महिना-दीड महिना राहते आणि गावाकडे कुणाचं तरी आजारपण निघालं की तिला परतावं लागतं. ज्यांना आई नाही, किंवा जिची आईच थकलेली आहे, तिच्याकडे कुणीच येत नाही. नवरा-बायको आणि एक बाळ एवढीच घरात माणसं. त्यांतल्या दोघांनी आयुष्यात तान्हं मूल हातात धरलेलं नसतं.

पहिली चिंता दुधाची. पहिले दोन-तीन दिवस येतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो थोडाच येतो आणि बाळालाही तेवढाच लागतो. रोगांशी लढणारे घटक त्यात इतके असतात की त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. तरीही तो पिळून टाकण्याची आणि बाळाला मध नाहीतर साखरेचं पाणी चाटवण्याची रीत देशाच्या अनेक भागांत टिकून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत देशभरात जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण ४१.८ टक्केच निघालं, म्हणजे निम्म्याहून कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. मधल्या काळात बाळाचं वजन घटतं. जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत घट होणं स्वाभाविक आहे, दहा-चौदा दिवसांत ती भरून निघते. पण हे घरी आलेल्या आईला कुणी सांगितलेलंच नसतं. तीन किलोंचं बाळ पावणेतीन किलोंचं झालं की घर हादरतं. ‘दूध पुरत नाही वाटतं तुझं’ हे वाक्य कुणी तरी उच्चारतं आणि दुपारपर्यंत पावडरच्या दुधाचा डबा घरात येतो.

इथून पुढची घसरण सगळ्या बालरोगतज्ज्ञांना पाठ आहे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. बाटलीनं पोट भरलेलं बाळ ओढत नाही, म्हणून दूध कमी होतं, म्हणून बाटली वाढते. ज्या आईचं दूध मुळात पुरेसं होतं, तिचं पंधरा दिवसांत खरोखरच आटतं. दूध पुरतंय की नाही हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं का, पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसात निदान सहा वेळा शू करतं का, आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं का. त्यानंतर पहिले तीन महिने रोज पंचवीस-तीस ग्रॅम वजन वाढलं की काळजी नको. आईच्या बाजूला बसून, बाळाचं तोंड नीट लागलंय का ते पाहून, ‘छान पितंय, तू फक्त पाठ टेकून बस’ असं सांगणारं जाणतं माणूस चौथ्या दिवशी घरात असेल, तर कितीतरी डबे दुकानातच राहतील.

दुसरी चिंता काविळीची. पूर्ण दिवस भरलेल्या दहांतल्या सहा बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ होते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. ‘कोवळ्या उन्हात धर’ हा सल्ला प्रत्येक इमारतीत मिळतो. खिडकीतलं ऊन हा काविळीचा उपचार नव्हे. जन्मल्यावर पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ सुस्त होऊन प्यायचं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. दवाखान्यात निळ्या दिव्याखाली दोन दिवस ठेवलं की बहुतेक बाळं बरी होऊन येतात. उशीर झाला तर मात्र मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

तिसरी चिंता रडण्याची, आणि तिच्याबद्दल आईबापांना सर्वांत कमी सांगितलं जातं. बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ऐंशी बाळांच्या रडण्याच्या नोंदी त्यांच्या आयांकडून करून घेतल्या. ही सगळी निरोगी, सुखवस्तू घरांतली मुलं. दुसऱ्या आठवड्यात ती दिवसाला सरासरी पावणेदोन तास रडत होती, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि त्यानंतर रडणं उतरत गेलं. सगळ्यांत जास्त रडणं संध्याकाळी. म्हणजे सहाव्या आठवड्यात संध्याकाळी बाळ किंचाळून किंचाळून रडतं, तेव्हा बहुतेक वेळा ते वाढत असतं, इतकंच. आपल्याकडे मात्र या रडण्याचा दोष ताबडतोब कुणाच्या तरी पदरी टाकला जातो. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात, त्यानं काही बिघडत नाही. ‘काय खाल्लंस तू आज?’ असं आईला विचारलं जातं, त्यानं मात्र बिघडतं. तिच्या ताटातून एकेक पदार्थ नाहीसा होत जातो. रडणं असह्य झालं तर बाळाला पाळण्यात पाठीवर सुरक्षित ठेवावं, दुसऱ्या खोलीत जाऊन पाच मिनिटं श्वास घ्यावा, पण वैतागून बाळाला गदागदा हलवू नये, त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे प्रत्येक बापाला दवाखान्यातून निघतानाच बजावायला हवं.

बापाचा उल्लेख आला म्हणून रजेबद्दल. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी आईला सव्वीस आठवडे पगारी रजा मिळाली. ही रजा नोकरदार स्त्रीची. ऊसतोडीवर, वीटभट्टीवर राबणाऱ्या किंवा दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एकही दिवस नाही. मालक देईल ते खरं.

*

शहरातल्या या जोडप्याच्या दाराशी जे एक माणूस हमखास येतं, ते म्हणजे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी मावशी. सकाळी दहा-अकराला येते, पाट मांडते, पाय पसरून पायांवर बाळाला पालथं घेते आणि तेलानं चोळते. तिच्या हाताला जे कळतं ते पुस्तकांत सापडत नाही. कोणतं बाळ आज ढिलं लागतंय, कोणाच्या अंगाला कसर आहे, कोणत्या बाळंतिणीची छाती दगडासारखी झाली आहे, हे तिला पहिल्या स्पर्शात कळतं. दिवसभरात बाळंतिणीच्या पाठीवरून, पोटऱ्यांवरून हात फिरवणारं हे एकच माणूस. बाकी सगळे आल्याबरोबर बाळ मागतात. मला या मावशांबद्दल मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या हातून होणाऱ्या दोन-तीन गोष्टी थांबायला हव्यात असं वाटतं. नाका-कानांत तेल सोडणं, टाळूवर दाब देणं आणि नवजात बाळाची छाती पिळणं. जन्मानंतर आईच्या संप्रेरकांमुळे काही बाळांची छाती फुगते, ती आपोआप उतरते. पिळली तर तिथं पू होतो. मावशीला हे कुणी चार शब्दांत प्रेमानं समजावलं, तर पुढची वीस वर्षं ती शेकडो घरांत तेच सांगत फिरेल. आपण तिला कधी प्रशिक्षणात बोलावलंच नाही.

मावशीबरोबर आजीची शिदोरी येते. सहाणेवर उगाळायची बाळगुटी, तीत वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, अतिविष, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. आंघोळीनंतर शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. डोळ्यांत काजळ. बाळंतिणीसाठी डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर. यातला बाळंतिणीच्या ताटाचा भाग मला फार मोलाचा वाटतो. दूध पाजणाऱ्या बाईला जास्तीचं, सकस खाणं लागतं हे ओळखून या रीतीनं निदान सव्वा महिना तरी घरातलं उत्तम ते तिच्या पुढ्यात ठेवलं. गुटीचं मात्र तसं नाही. सहाण, बोट, पाणी यांतून जंतू बाळाच्या पोटात जातात आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला कशाचीच गरज नसते, पाण्याचीही नाही. मधाचं तर वर्षभर नावही काढू नये. मधातल्या जीवाणूच्या बीजकणांमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम होऊन अंग लुळं पडू शकतं. धुरीचा धूर कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. काजळातून शिसं आणि संसर्ग दोन्ही जाऊ शकतात. ज्या आजीनं चार मुलं याच गुटीवर वाढवली, तिला हे ऐकवणं अवघड असतं. पण त्या काळी आजीच्या शेजारणीची किती मुलं गेली, हेही आजीलाच ठाऊक असतं. शांतपणे विचारलं तर ती सांगते.

आणि सटवाई. पाचव्या नाहीतर सहाव्या रात्री पाटा-वरवंटा पुजायचा, दिवा तेवत ठेवायचा, कोरा कागद आणि लेखणी मांडायची. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. त्या रात्री घरातलं कुणी तरी जागं राहतं. ही रात्र नेमकी पाचवी-सहावीच का, याचा विचार करताना मला नेहमी धनुर्वात आठवतो. गंजक्या विळ्यानं नाळ कापली, तिला शेण-राख लावली की जंतू शिरायचे आणि साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या शेवटी, बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताठायचं. तोवर गुटगुटीत असलेलं मूल दोन दिवसांत जायचं. असे कितीतरी मृत्यू पाहिलेल्या बायकांनी ती रात्र जागायची ठरवली असेल, असं मला वाटतं. याला पुरावा नाही, माझा अंदाज आहे. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं आणि स्वच्छ बाळंतपणं यांमुळे २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. नाळेला आता काही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची, पाच ते पंधरा दिवसांत आपोआप पडते. सटवाईची पूजा आजही होते. व्हावी. त्या निमित्तानं पाचव्या दिवशी घरातलं वडीलधारं माणूस बाळाकडे रात्रभर लक्ष देतं.

पहिल्या काही दिवसांतला एक मृत्यू तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. त्याला उपचार मिळाले नाहीत. त्या दुःखातून वैद्यकी शिकण्याचा त्यांचा निश्चय झाला, हे आपण शाळेत वाचतो, पण ‘दहा दिवस’ या शब्दांवर थांबत नाही. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावरच. मायदेशी परतून काम सुरू करण्याआधी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. घरात तान्हं मूल तळमळतंय आणि दाराशी येणारं कुणी नाही, या प्रश्नाला महाराष्ट्रातून पक्कं उत्तर मिळायला त्यानंतर एक शतक लागलं.

*

ते उत्तर गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ पासून त्यांनी ‘सर्च’ या संस्थेतर्फे गडचिरोलीत काम सुरू केलं. आधी त्यांनी मुलांच्या न्यूमोनियाला हात घातला. गावातल्या माणसाला न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून एक साधं यंत्र बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ज्या दाईला शंभरापर्यंत मोजता येत नाही, तिलाही श्वास जलद आहे की नाही ते सांगता येऊ लागलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले तर धोका.

न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले, तरी जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच. मग १९९५-९६ या वर्षात ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ बाळांकडे महिनाभर घरी जाऊन नुसतं पाहिलं गेलं, नोंदी केल्या गेल्या. शंभरातली पंच्याण्णव बाळं घरीच जन्मली होती. बेचाळीस टक्के बाळं कमी वजनाची. निम्म्याहून अधिक बाळांना महिनाभरात केव्हा ना केव्हा उपचारांची गरज पडली, आणि ते मिळाले शंभरात जेमतेम दोघा-तिघांना. ही बाळं दवाखान्यात का नेली जात नव्हती, याची कारणं गावातल्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात नाला भरलेला, रात्र, पैसे नाहीत, बाळंतीण अजून विटाळात, आणि ‘एवढ्याशा जिवाला काय औषध देणार’ ही हताशा. बाळ दवाखान्यापर्यंत पोचत नसेल तर उपचारच घरी न्यायचे, असं ठरलं.

त्यासाठी पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका निवडल्या. त्यांना आरोग्यदूत म्हटलं गेलं. बाळंतपणाच्या वेळी दाईबरोबर हजर राहायचं, गुदमरलेल्या बाळाला मुखवट्यानं श्वास द्यायचा, पुसून, गुंडाळून, टोपी घालून ऊब द्यायची, लगेच अंगावर लावायचं, हातातल्या काट्यानं वजन करायचं, पहिल्याच आठवड्यात अनेकदा आणि मग महिना संपेपर्यंत पुन्हा पुन्हा घरी जायचं. कमी दिवसांच्या, बारीक बाळांसाठी उबदार पिशव्या शिवल्या. यातलं सगळ्यांत धाडसाचं काम म्हणजे जंतुसंसर्ग ओळखून घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं प्रतिजैविक देणं. डॉक्टर नसलेल्या, नर्सही नसलेल्या बाईनं नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचं, यावर वैद्यकीय जगाच्या भुवया उंचावणं साहजिक होतं. म्हणून सर्चनं प्रत्येक बाळाची, प्रत्येक इंजेक्शनची नोंद ठेवली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली.

निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आरोग्यदूत असलेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता घट ६२ टक्क्यांची. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सोळा-सतरा जात होती, आता तीनाहून कमी. एका बाळामागे खर्च सव्वापाच डॉलरच्या आसपास. हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत, आणि दर वेळी माझी नजर त्या ‘पाचवी ते दहावी’ वर अडते. जगातल्या बालआरोग्याच्या धोरणाला वळण देणाऱ्या या बायका गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत राहत होत्या, धानाची रोवणी करत होत्या आणि रात्री कंदील घेऊन शेजारच्या घरी जात होत्या. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांच्या घरी भेटी द्याव्यात असं संयुक्त निवेदन काढलं. २०११ साली भारत सरकारनं हाच मार्ग ‘आशा’ स्वयंसेविकांमार्फत देशभर न्यायचं ठरवलं.

आज बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर गावातली आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. तिच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ, बाळासाठी पांघरूण. हात धुऊन ती बाळाला घेते, वजन करते, ताप पाहते, डोळे, नाळ, कातडी पाहते, छाती आत ओढली जातेय का पाहते. हे सगळं नीट केलं तर निदान अर्धा-पाऊण तास जातो, शिवाय पाड्यावरून पाड्यावर चालत जाण्याचा वेळ वेगळा. या सहा-सात भेटींसाठी तिला सरकारी दरानं मिळतात अडीचशे रुपये, तेही सगळ्या भेटी पूर्ण झाल्या आणि बाळ-आई दोघंही सुखरूप असली तर. एका भेटीचे पस्तीस ते बेचाळीस रुपये. ज्या कामानं हजारो बाळं वाचतात हे शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध झालं, त्या कामाचं एवढंच मोल ठरवणाऱ्या व्यवस्थेवर मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

शहरातल्या त्या अकराव्या मजल्यावर मात्र आशा येत नाही. मोठ्या शहरांत तिचं काम मुख्यतः झोपडवस्त्यांपुरतं असतं. खासगी नर्सिंग होममधून घरी गेलेल्या बाळाच्या दाराशी, पैसे भरून बोलावल्याखेरीज, आरोग्यसेवेतलं कुणीच येत नाही. पहिली गाठ पडते ती दीड महिन्याच्या लसींना. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी चुकवू नयेत, हे सगळ्यांना माहीत झालंय. पण त्याआधीचे पंचेचाळीस दिवस हे घर आपल्या अंदाजानं आणि फोनवर मिळणाऱ्या उलटसुलट सल्ल्यांनी काढतं.

घरात एक सोपी गोष्ट करता येते, तिचं बळ अजून पुरेसं पोचलेलं नाही. हरियाणात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कमी वजनाच्या बाळांना घरीच, उघड्या छातीला उघडं बाळ लावून ठेवायला आयांना शिकवलं गेलं. या कांगारू पद्धतीनं पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध नाही, यंत्र नाही. शिकवायला आणि धीर द्यायला पुन्हा कुणी तरी घरी जावं लागलं, एवढंच. आणि छाती बापाचीही चालते. आई जेवायला, आंघोळीला, तासभर झोपायला गेली की बापानं सदरा काढून बाळाला छातीवर घ्यावं, वरून शाल पांघरावी. पंधरा दिवस चोरटेपणानं बाळाकडे पाहणारा बाप अशा दोन-तीन दुपारींनंतर त्याला सहज उचलू लागतो.

*

इतका वेळ मी बाळाबद्दलच लिहिलं. आपल्या घरांतही असंच होतं.

मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात म्हापशाच्या सरकारी रुग्णालयात आलेल्या गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्याशी बोलल्यावर दिसलं की तेवीस टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. म्हणजे दर चार-पाच बाळंतिणींमागे एक. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच मनाचा त्रास सुरू झाला होता. गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगाच हवा असलेल्या घरात मुलगी झाली होती. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात बाळं सहा महिन्यांची झाल्यावर पाहिलं, तर निराश आयांची बाळं वजनात मागे पडण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. म्हणजे आईच्या मनाकडे पाहिलं नाही, तर शेवटी ते बाळाच्या वजनकाट्यावर दिसतं. तोवर मात्र फार उशीर झालेला असतो.

ही बाई घरात कशी दिसते? ती रडत बसलेली असेलच असं नाही. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही. लाडू तसेच राहतात. ‘मला जमत नाहीये’ असं ती एकदा म्हणते आणि सगळे म्हणतात, ‘अगं, आम्ही चार-चार काढली.’ मग ती ते पुन्हा म्हणत नाही. पहिले आठ-दहा दिवस रडू येणं, हळवं होणं बहुतेकींच्या वाट्याला येतं आणि जातं. दोन आठवड्यांनंतरही ते राहिलं, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, मरणाचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे, आणि तो बरा होतो. गोव्यातच ‘संगाथ’ संस्थेच्या कामात त्याच भागातल्या साध्या बायकांना तयार करून ‘सखी’ म्हणून अशा स्त्रियांच्या घरी पाठवलं गेलं. पदवी नाही, पांढरा कोट नाही. शेजारी बसायचं, ऐकायचं, जेवणाचं, झोपेचं, बाळाशी खेळण्याचं बारीक बारीक नियोजन तिच्याबरोबर करायचं, घरच्यांनाही त्यात ओढायचं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांच्याकडे सखी जात होती, त्यांतल्या अधिक स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या.

आता आशाकडे परत येऊ. प्रत्येक भेटीत ती एक फॉर्म भरते. त्यात आईबद्दलही प्रश्न आहेत. दिवसात किती वेळा पोटभर जेवली, किती पॅड बदलावे लागले, ताप आहे का, स्राव घाण वासाचा आहे का, असंबद्ध बोलते का, झटके येतात का, स्तनाग्रांना चिरा आहेत का. एकेक प्रश्न जीव वाचवणारा आहे. पण झोप लागते का, मन लागतं का, घरात कुणी मारतं का, हे त्यात नाही. बेचाळिसाव्या दिवशी या भेटी संपतात आणि पुढची भेट ठरलेली असते थेट तिसऱ्या महिन्यात. मधले सहा-सात आठवडे घराकडे कुणी फिरकत नाही. बाळाचं रडणं शिगेला पोचतं ते याच सुमाराला. माहेरची आई परतते ती याच सुमाराला. नवऱ्याची रजा केव्हाच संपलेली असते. गोव्यातल्या तेवीस टक्के स्त्रियांचं नैराश्य टिपलं गेलं तेही याच आठवड्यांत.

प्रसूतीनंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी एडिनबरोमध्ये १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एक यादी जगभर वापरली जाते, आपल्याकडच्या भाषांतही ती आलेली आहे. ती भरायला पाच मिनिटं लागतात. आठव्या आठवड्यात आशाची एक भेट वाढवावी, त्या भेटीत हे दहा प्रश्न असावेत, त्या भेटीचे वेगळे आणि भरपूर पैसे तिला द्यावेत. शहरांत प्रत्येक प्रसूतिगृहानं बाळाला घरी सोडताच त्या प्रभागातल्या महापालिकेच्या परिचारिकेला कळवावं, आणि घर झोपडीतलं असो की अकराव्या मजल्यावरचं, पहिल्या आठवड्यात एकदा आणि आठव्या आठवड्यात एकदा तिनं जिना चढावा.